ग्रंथपाल म्हणून तिसरं वर्ष: निर्लेखनाच्या यादीवर सही करू का?

पानखूण

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल.

मी पुण्यात, पेठेतल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल आहे. वय २७. बी.लिब., एम.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या केल्या, सेट ही पात्रता परीक्षा पास झाले आणि कॉलेजातल्या जागा निघण्याची वाट बघता बघता इथे लागले. आमचे ग्रंथपाल गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाले. त्यांची जागा भरली नाही, त्यामुळे पद सहायकाचं आणि काम सगळंच. मी, एक निर्गम (देवघेव) सहायक आणि शिपाईमामा अशा तिघांवर ३८ हजार पुस्तकं.

मागच्या आठवड्यात कार्यकारिणीने मला एक यादी काढायला सांगितली: गेल्या दहा वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तकं. संगणकातून काढायला दहा मिनिटं लागली. ४,२१७ पुस्तकं निघाली. शिवाय बांधीव दिवाळी अंकांचे २१२ खंड, कारण ते देवघेवीत नसतातच. हे सगळं निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून कायमचं काढून टाकून, मागचं दालन मोकळं करायचं आणि तिथे अभ्यासिकेच्या ४० खुर्च्या वाढवायच्या, असं ठरतंय. यादीखाली सही माझी लागणार.

कार्यकारिणीतली मंडळी वाईट नाहीत, हे आधीच सांगते. अभ्यासिकेतली एक खुर्ची महिन्याला ९०० रुपये देते, पुस्तकांचा सभासद ८० रुपये देतो. अनुदान हप्त्यांनी येतं आणि कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. वीजबिल मात्र दर महिन्याला भरावं लागतं. माझे १६,५०० रुपयेसुद्धा त्या खुर्च्यांतूनच निघतात. त्यामुळे 'पुस्तकं वाचवा' म्हणून ओरडायचा मला हक्क आहे का, हेच कळत नाही.

पण एक गोष्ट सांगते. आमच्याकडे एक आजी येतात, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, आठवड्याला दोन पुस्तकं नेणाऱ्या. त्यांच्याकडून परत आलेल्या प्रत्येक पुस्तकात २१व्या पानावर पेन्सिलीचा बारीक ठिपका असायचा. मला राग आला होता. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, वाचलंय की नाही ते आता आठवत नाही. ठिपका दिसला की परत ठेवते." तेव्हापासून मी अशा खुणा शोधायला लागले. कुणी शेवटच्या पानावर त्रिकोण काढतं, कुणी पन्नासाव्या पानाचा आकडा गोल करतं, एक बारीकसं 'श्री' आहे ते तर कित्येक जुन्या कादंबऱ्यांत सापडतं. यादीतली पहिली शंभर पुस्तकं कपाटातून काढून बघितली. ६१ पुस्तकांत कुठली ना कुठली खूण निघाली. आमच्याकडे संगणक आला २०१४ साली. त्याआधी कुणी काय नेलं ते त्याला माहीतच नाही. मागच्या दालनात बसून वाचणाऱ्यांची नोंद तर आजही होत नाही. मग 'वाचकांची मागणी नाही' या वाक्याखाली मी सही कशी करू?

यादीत जायलाच हवीत अशीही पुस्तकं आहेत. १९९८ सालची संगणक शिकवणारी पुस्तकं, जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, एकाच पुस्तकाच्या सहा प्रती. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

या क्षेत्रातल्या तरुण मंडळींना विचारायचंय: तुमच्यावर अशी वेळ आली का? काय केलंत? आणि एकूणच नोकरीत कसं चाललंय? माझ्या बॅचमधल्या सोळा जणांपैकी ग्रंथालयात राहिलेले आम्ही पाचच आहोत, बोलायला कुणी नाही. आईचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे. मैत्रिणी म्हणतात, तुला काय, दिवसभर वाचत बसायचं. कामाच्या वेळात गेल्या तीन वर्षांत मी एकही पुस्तक सलग वाचलेलं नाही.


हडपसरकर

ताई, तुमचा धागा वाचून लॉग इन केलं. मी ३१ वर्षांचा, एका खाजगी कॉलेजात कंत्राटी ग्रंथपाल.

नोकरीचं आधी सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबात कॉलेजचा ग्रंथपाल सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीचा, सातव्या वेतन आयोगात सुरुवातच ५७,७०० मूळ वेतनाने. हे कागदावर. ती जागा मंजूर हवी, मंजूर असली तर भरायला परवानगी हवी, आणि तोवर आमच्यासारखे अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची झाली की दोन महिने आम्ही रात्री नऊपर्यंत फायली करतो.

माझ्यावर आलेली वेळ वेगळी होती. कामाच्या पहिल्याच वर्षी साठा पडताळणी केली, ४२ पुस्तकं कमी भरली. कॉलेजने त्यांची किंमत माझ्या पगारातून कापायला घेतली. त्यातली निम्म्याहून जास्त मी लागायच्या आधीच गेलेली होती, पण सिद्ध कसं करणार? मग एका ज्येष्ठ सरांनी केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम, २०१७ वाचायला सांगितले. त्यातला नियम २१५ ग्रंथालयांबद्दल आहे. वर्षभरात वाचकांनी नेलेल्या आणि हाताळलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ गहाळ होणं रास्त धरलं जातं, अट इतकीच की अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. आमच्या कॉलेजला तो नियम थेट लागू नाही, पण मी तो छापून अर्जाला जोडला. कपात थांबली. कापलेले पैसे मात्र परत आले नाहीत.

नवीन लागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: ताबा घेताना पडताळणी करूनच घ्या, नाहीतर 'न मोजता ताबा घेतला' असं लेखी द्या. लाजू नका. त्या कागदावर पुढची दहा वर्षं शांत झोप लागते.

तुमच्या यादीबद्दल: 'घरी गेलं नाही' हा निर्लेखनाचा एक निकष झाला, एकमेव नाही. फाटलंय का, माहिती जुनी झाली का, दुसरी प्रत आहे का, पुण्यात दुसरीकडे मिळतं का, हे रकाने यादीत घाला. रकाने भरल्याशिवाय सही नाही, असं सांगा. नकार देण्यापेक्षा हे सोपं जातं.


बावधन बस

वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी आयटीत आहे, ग्रंथालयाशी संबंध फक्त वाचक म्हणून, तोही आता फोनवरच. पेठेतली जागा किती महाग आहे? दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ४,००० पुस्तकांसाठी ती अडवून ठेवायची आणि बाहेर जिन्यात बसून अभ्यास करणाऱ्या मुलांना जागा नाही म्हणायचं, हे मला पटत नाही. ४० मुलं रोज बारा तास बसतील. हाही वाचनालयाचा उपयोगच ना?

खुणांची गोष्ट मनाला भिडली. पण ते 'श्री' लिहिणारे आजोबा आज येतात का?


पानखूण

बावधन बस, राग अजिबात नाही. हाच प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. 'श्री' लिहिणारे येत नाहीत. कोण होते तेही माहीत नाही.

हडपसरकर, रकान्यांची कल्पना लगेच घेते. ताबा घेताना मी काहीच लिहून दिलं नव्हतं. उद्याच देते.


नांदेडहून आलेला

मी अभ्यासिकेतला. ताईंच्या नाही, नवी पेठेतल्या दुसऱ्या. राज्यसेवेचा तिसरा प्रयत्न चालू आहे. कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं, खोलीत पाय पसरायला जागा नाही. अभ्यासिकेतली माझी खुर्ची हीच माझी पुण्यातली जागा आहे. सकाळी सातला जातो, रात्री अकराला निघतो. म्हणून खुर्च्या वाढल्या पाहिजेत असंच मी म्हणेन.

पण एक सांगतो. आमच्या अभ्यासिकेत पुस्तकाचं एकही कपाट नाही. टेबल, खुर्ची, चार्जिंगचा पॉइंट, भिंतीवर 'शांतता राखा'. मागच्या वर्षी मुख्य परीक्षा हुकली, तेव्हा तीन आठवडे मला अभ्यासाचं पान उघडवेना. गावी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात काम करणाऱ्या दादांना फोन केला. ते म्हणाले, महिनाभर अभ्यासाचं काही वाचू नको, मी सांगतो ते आण. एका शेतकरी बाईचं आत्मचरित्र सांगितलं. अप्पा बळवंत चौकात तीन दुकानं फिरलो, चौथ्यात मिळालं. ते वाचल्यावर परत खुर्चीत बसलो. त्या दादांचा पगार माझ्या खोलीच्या भाड्याहून थोडा जास्त असेल, नसेल.

ताई, खुर्च्या टाका, पण कपाटं भिंतीला लावून ठेवता येत नाहीत का? आम्हाला कपाटांमध्ये बसायला आवडेल.


तालिकापत्र

वय ७३. पुण्यातच ग्रंथालयात ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त. मुली, तुझा प्रश्न मी तीनदा वाचला.

१९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. नारायण पेठेत आमचं घर. १२ जुलैला पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर आलं. वडिलांची पुस्तकं खालच्या खोलीत होती. चार दिवसांनी चिखलातून काढून आईने ती गच्चीवर दोऱ्या बांधून कपड्यांसारखी वाळत घातली. निम्मी लगदा झाली. उरलेल्यांची पानं पापडासारखी वाजायची, तरी वडिलांनी ती मरेपर्यंत वापरली. मी ग्रंथपाल झालो त्याचं मूळ त्या गच्चीवर आहे. सांगायचं कारण असं, की पुस्तक जातं कसं ते मी लहानपणी बघितलंय आणि टाकायचं कसं ते नोकरीत शिकलो. दोन्हीत फरक आहे. टाकायला शिकलं पाहिजे. न टाकणारा ग्रंथपाल वाचकाचा वेळ खातो, चांगली पुस्तकं रद्दीत बुडवतो. ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र आहे, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. पण तिसरंही विसरायचं नाही: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. तो मिळवून देणं आपलं काम. ४,२१७ पुस्तकं मागच्या अंधाऱ्या दालनात दहा वर्षं ठेवून ती कुणी नेली नाहीत म्हणायचं, हे त्या पुस्तकांवर अन्याय करणारं आहे.

आता कामाचं. मी तीन ढीग करायचो. पहिला, नक्की जाणारा: फाटके, कालबाह्य, जादा प्रती. दुसरा, परीक्षेचा: दाराजवळच्या मांडणीवर सहा महिने ठेवायचे, 'बऱ्याच वर्षांत कुणी न नेलेली' अशी पाटी लावून. त्यातली तिसरा हिस्सा तरी उठतात, हा माझा अनुभव. तिसरा, चौकशीचा: हे पुस्तक पुण्यात आणखी कुठे आहे? पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, गोखले संस्थेचं ग्रंथालय, एवढ्या ठिकाणी तरी विचारायचं. तिथे असेल तर निश्चिंत मनाने सोड. नसेल तर ती एक प्रत ठेव, माळ्यावर का होईना.

दिवाळी अंकांना मात्र हात लावू देऊ नकोस. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचं मराठी लेखन त्यात आहे, आणि पुस्तकरूपात आलं नाही असं कितीतरी फक्त तिथेच आहे. तारेच्या टाचण्या गंजतात, त्या काढून दोऱ्याची शिलाई करून घे. कसर लागली असेल तर खंड उन्हात ठेवू नकोस, सावलीत वाऱ्यावर उघडून ठेव. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेव. आमच्या आधीची माणसं तेच करायची.

आणखी एक. १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. त्याच वर्षी, त्याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली. काउंटरवर तू बसतेस, तिथे हे दोन्ही धागे येऊन मिळतात. कुणी 'ग्रंथपाल कुठे आहेत' असं विचारलं तर मान वर करून 'मीच' म्हणत जा.


पानखूण

काका, तुम्हाला कसं कळलं? आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतंच, "बाळ, ग्रंथपाल कुठे आहेत?" मी 'मीच' म्हणते, पण आवाज बारीक येतो.

आज नोकरीबद्दलही लिहिते, हडपसरकरांनी मोकळेपणाने लिहिलंय म्हणून.

अभ्यासक्रमात कुणी सांगितलं नव्हतं की माझा सगळ्यात जास्त वेळ नावांत जाईल. वर्गीकरण अवघड नाही, ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६, पुढे १ लावला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. पण लेखक? आमच्याकडे एक मुलगी आरती प्रभूंवर काम करायला आली. तिला कविता मिळाल्या. चिं. त्र्यं. खानोलकर तेच, हे तिला माहीत होतं, आमच्या संगणकाला नव्हतं. कुसुमाग्रज शोधलं तर कविता दिसतात, नाटकं शिरवाडकरांच्या नावावर राहतात. जुन्या कार्डांच्या कपाटात अशा ठिकाणी 'पाहा' असं लिहून दुसऱ्या नावाकडे पाठवणारं एक कार्ड असायचं. संगणकात घालताना ती कार्डं कुणी घातलीच नाहीत, कारण त्यांच्यावर दाखल क्रमांक नव्हता. मी ती शोधून काढली. एका चपलेच्या खोक्यात होती, ६४० कार्डं. कुणीतरी टाकाने, वळणदार अक्षरात लिहिलेली. आता रोज दहा-दहा घालते.

वर टायपिंगचे घोळ आहेतच. 'पु. ल.' पाच प्रकारे लिहिलंय, मध्ये जागा सोडून, न सोडून, टिंब देऊन, न देऊन. 'ॲ' दोन तऱ्हांनी टंकलाय, दिसायला सारखाच, पण एक शोधला की दुसरा सापडत नाही. २०१४च्या पहिल्या ९,००० नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होत्या, तो फॉन्ट नसला की नुसती अगम्य अक्षरं दिसतात. म्हणजे यादीतली काही पुस्तकं दहा वर्षांत कुणी नेली नाहीत याचं कारण असंही असेल की ती कुणाला सापडलीच नाहीत! हे मला परवा रात्री अडीच वाजता सुचलं आणि मग झोपच लागली नाही.

मिळतं काय, तेही सांगते. वाचनालयासमोरच्या पार्लरमध्ये काम करणारी एक मुलगी आहे, बिहारची. मागच्या पावसाळ्यात ती आत आली, बालविभागातली तीन पुस्तकं घेतली, म्हणाली लहान भावासाठी. दर आठवड्याला तीन. चार महिन्यांनी काउंटरवर पुस्तक उघडून मला 'ळ' दाखवला आणि कसा म्हणायचा ते विचारलं. भाऊ पाटण्यालाच आहे, पुस्तकं ती स्वतःसाठी नेत होती. दिवाळीनंतर एकदा म्हणाली, "ताई, आता चित्रं नसलेलं द्या." त्या दिवशी मी तिच्यासाठी पुस्तक निवडायला वीस मिनिटं घेतली, काउंटरवर रांग लागली होती तरी. अशी वीस मिनिटं मासिक अहवालात कुठल्या रकान्यात लिहायची ते मला माहीत नाही. पण बँकेची परीक्षा मी अजून दिलेली नाही ती याच वीस मिनिटांसाठी.


मधली सुट्टी

पानखूण, +१. मी शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल. अर्धवेळ म्हणजे अर्धा पगार, काम मात्र पूर्ण, आणि त्यातला अर्धा वेळ गैरहजर शिक्षकांच्या तासांवर. वेळापत्रकात 'ग्रंथालय तासिका' आहे, ती गणिताचा पोर्शन मागे पडला की पहिली जाते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन झाला, फोटो काढले, पुस्तकं परत कपाटात आणि कपाटाला कुलूप. कारण पुस्तक हरवलं तर जबाबदार मी.

या वर्षी मी कुलूप काढलं. हेडबाईंना लेखी विचारलं, त्यांनी हो म्हटलं. जूनपासून ११ पुस्तकं गेली. पण सातवीतल्या एका मुलाने, जो वर्गात तोंड उघडत नाही, तीच तीच सापांची पुस्तकं पाच वेळा नेली. सहाव्या वेळेला त्याने मला नागाच्या आणि धामणीच्या खवल्यांतला फरक समजावून सांगितला. सलग दहा मिनिटं बोलला. मी त्याच्या वर्गशिक्षिकेला बोलावून आणलं, त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

त्या ११ पुस्तकांसाठी मला हडपसरकरांचा तो नियम हवाच आहे.


हडपसरकर

मधली सुट्टी, नियम २१५ नक्की वाचा. ५ पुस्तकांचा तो हिशेब कपाटातल्या पुस्तकांवर नसतो, वर्षात हाताळलेल्यांवर असतो. म्हणजे देवघेव जितकी जास्त तितकी सूट जास्त. कुलूप काढल्यावर किती पुस्तकं फिरली ते मोजून ठेवा, ते तुमच्याच बाजूने बोलेल.


बावधन बस

मागच्या प्रतिसादानंतर विचार करत होतो. दिवाळी अंक स्कॅन करून वेबसाइटवर टाकले तर? जागाही मोकळी, जगभर वाचताही येतील. स्कॅनरचा खर्च मी उचलू शकतो, हे मनापासून सांगतोय.


हडपसरकर

कल्पना चांगली आहे, पण सांभाळून. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. दिवाळी अंकात चाळीस लेखक, चित्रकार वेगळे, प्रत्येकाचं वर्ष वेगळं. त्यामुळे अख्खा अंक सरसकट वेबसाइटवर टाकता येत नाही. मात्र २०१२च्या दुरुस्तीने कलम ५२मध्ये एक सोय झाली: ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ प्रत असेल तर जतनासाठी ते तिची डिजिटल प्रत करून ठेवू शकतं. म्हणजे स्कॅन करा, स्वतःच्या संगणकात ठेवा, बाहेर टाकू नका. मूळ खंडही टाकू नका, त्या प्रतीचा आधारच ते आहेत.

सूची मात्र जगाला दाखवता येते. कोणत्या वर्षाच्या कोणत्या अंकात कुणाचं काय, कितव्या पानावर. अंकांची ही माहिती कुठेच एकत्र नाही. ताई, कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात लेखाची वेगळी नोंद करून खंडाशी जोडता येते. वापरत नसाल तर बदला, फुकट आहे. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या भाषेत कोहा म्हणजे भेटच.


तालिकापत्र

सूची करा. मी येईन, घरी बसून कंटाळलो आहे. डोळे अधू झालेत, पण वाचून दाखवलं तर मी लेखकांची नावं सांगू शकेन. साठ-सत्तरच्या दशकात टोपणनावाने कोण लिहायचं ते आता माहीत असणारी माणसं फार उरली नाहीत.

पैशाचं एक सांगायचं राहिलं. आपला ग्रंथालय कायदा १९६७चा. मद्रासने १९४८ सालीच कायदा केला, त्यात ग्रंथालय कराची तरतूद होती. आपल्याकडे ती घेतली नाही. अनुदान, वर्गणी आणि देणगी यांवरच आपली ग्रंथालयं उभी आहेत. म्हणून तुझ्या कार्यकारिणीवर मीही रागावत नाही. माझ्या वेळेलाही हेच होतं, फक्त तेव्हा अभ्यासिकेऐवजी लग्नाला हॉल भाड्याने द्यायचं चाललं होतं.


नांदेडहून आलेला

रविवारी दुपारी दोन तास मी येऊ शकतो. मराठी टायपिंग तीसचं झालंय. सोबत रूममेटला आणतो.


पानखूण

दीड महिन्याने येते आहे, उशीर झाला. बैठक दोनदा पुढे गेली.

रकाने घालून यादी नेली. चाळीस पानं झाली. अध्यक्षांनी पहिली पाच बघितली आणि विचारलं, "एवढं कुणी करायला सांगितलं होतं?" मी म्हटलं, कुणी नाही, पण सही माझी आहे. मग खुणांची ६१ पुस्तकं टेबलावर ठेवली. कोषाध्यक्षांनी एक उघडलं, शेवटच्या पानावरचं 'श्री' बघितलं आणि बराच वेळ पुस्तक मिटलं नाही. म्हणाले, हे आमच्या अण्णांचं अक्षर. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. मी हे ठरवून केलं नव्हतं, मला काहीच कल्पना नव्हती.

तरी सगळं मनासारखं झालेलं नाही. १,३८० पुस्तकं जाणार, त्यावर मी सही केली. काकांच्या पद्धतीने तपासून केली, तरी घरी गेल्यावर रडले. दालनात २४ खुर्च्या येणार, कपाटं भिंतीला लावून. दाराजवळच्या मांडणीवर ३०० पुस्तकं ठेवली आहेत, पहिल्या तीन आठवड्यांत ४७ गेली. उरलेल्या पुस्तकांचा निर्णय मार्चनंतर. पगारवाढीचा विषय मी काढला, तो 'पुढच्या बैठकीत' गेला.

दिवाळी अंक राहिले. अट अशी की सहा महिन्यांत सूची दाखवायची. बावधन बस यांनी स्कॅनर पाठवला. नांदेडचा मुलगा चारही रविवार आला, रूममेट एकदाच. काका रिक्षाने येतात, मी नावं वाचते, ते डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच थांबवून म्हणतात, "हे टोपणनाव आहे, लिही." आजवर १९६४ ते १९७१चे ३१ खंड झाले.

आणि आजींनी २१व्या पानाबद्दल विचारलं. कुणी बघितलं तर चालेल का म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, चालेल.


प्राजक्ताचा सडा

धागा आजच वाचला. विचारावं की नाही कळत नाही, तरी विचारते. माझ्या आजीची एक कथा दिवाळी अंकात छापून आली होती, ६८ किंवा ६९ साल असावं. अंकाचं नाव घरात कुणाला आठवत नाही. तिने माहेरच्या नावाने लिहिली होती, कारण सासरी सांगितलं नव्हतं. घरात प्रत राहिली नाही. आजी आता ९१ वर्षांची आहे. एवढ्यावरून काही सापडू शकतं का? माहेरचं नाव निरोपात पाठवते.


पानखूण

निरोप मिळाला. १९६९, खंड २२, पान ११७. आठ पानांची कथा आहे, सोबत एक रेखाचित्रही आहे.

खंड घरी देता येत नाही, इथेच बसून वाचावा लागेल. सोमवारी बंद असतं. मंगळवारनंतर कधीही या, संध्याकाळी पाचच्या आधी आलात तर उजेड चांगला असतो. आजींना आणणार असाल तर आधी कळवा. पायऱ्या आहेत चौदा, मामा आणि मी मिळून खुर्ची उचलू.